१०८९ सीसी

फियाट म्हटलं की बहुतेकांना स्टिअरिंगखालचं गिअरचं दांडकं आठवतं, नाहीतर मुंबईची काळी-पिवळी. मला आठवतो तो रॉकेलचा वास. आमच्या पद्मिनीचं इंजिन १९८७ च्या मे महिन्यात कोल्हापूरच्या घराच्या अंगणात उतरवलं, खोललं आणि परत बांधलं होतं. त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. पण नुसत्या आठवणींचे ब्लॉग उदंड झालेत, शिवाय घरच्या मंडळींना सध्या त्या गाडीबद्दल एक निर्णय घ्यायचाय. म्हणून आधी जरा त्या इंजिनाचं घराणं बघू. (कंटाळा आला तर अंगणापर्यंत उड्या मारत या, हरकत नाही.)

या इंजिनाचे दोन आकडे लक्षात ठेवायचे. सिलिंडरचा व्यास ६८ मिमी आणि पिस्टनचा प्रवास ७५ मिमी. चार सिलिंडरचा हिशेब केला की १०८९ सीसी येतात. या मापाचं इंजिन फियाटने पहिल्यांदा आणलं ते १९३७ मध्ये, ५०८ सी नावाच्या गाडीत. गाडीचा कर्ता दान्ते जाकोसा, तेव्हा वय वर्षं बत्तीस. ताकद होती ३२ अश्वशक्ती. ब्लॉक बिडाचा, क्रँकला तीन बेअरिंगं, कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये, आणि तिथून लांब दांड्यांनी वरचे व्हॉल्व्ह उघडायचे. यात काहीही अवघड नाही. बॉनेट उघडून उभं राहिलं की काय कशाला हलवतंय ते दिसतं.

आता गंमत बघा. युद्ध संपल्यावर इटलीत पिएरो दुझिओ नावाच्या उद्योगपतीने चिसितालिया ही कंपनी काढली आणि जाकोसाकडूनच छोटी रेसची गाडी बनवून घेतली. इंजिन कुठलं? हेच, जरा मसाला घातलेलं. त्याच कंपनीची चिसितालिया २०२ ही गाडी १९५१ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात शिल्प म्हणून मांडली गेली. तिच्याही पोटात १०८९ सीसीचं फियाटचंच इंजिन. म्हणजे न्यूयॉर्कला लोक तिकीट काढून ज्या गाडीकडे बघत उभे राहिले, तिचं आणि दादर स्टेशनबाहेर 'बांद्रा, बांद्रा' ओरडणाऱ्या टॅक्सीचं रक्ताचं नातं आहे. हे कळलं तेव्हा मी दोन दिवस भेटेल त्याला सांगत सुटलो होतो. बायको म्हणाली, आता दूधवाल्यालाही सांग.

हे इंजिन आपल्याकडे आलं कुर्ल्याला. वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे. बांधकाम, साखर, जहाजं, बंगलोरचा विमानांचा कारखाना असं सगळं करून झाल्यावर त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. मोटारींच्या कारखान्याची कल्पना त्याच्या आधीपासून विश्वेश्वरय्या मांडत होते, सरकार मात्र दाद देत नव्हतं. कुर्ल्यात सुरुवातीला क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या जायच्या. पन्नासच्या दशकात फियाटशी हातमिळवणी झाली आणि ११०० आली. १९५३ मध्ये सरकारने धोरण ठरवलं की नुसते सुटे भाग आणून जोडायचं काम बंद, इथे खरोखर बनवणार असाल तरच थांबा. जनरल मोटर्सचा शिवडीला १९२८ पासून कारखाना होता, त्यांनी गाशा गुंडाळला. फोर्डनेही. उरल्या मोजून दोन-तीन कंपन्या. १९६४ साली ११०० डी आली, आणि चाळीस वर्षं आपल्या डोळ्यांसमोर राहिलं ते हेच चौकोनी रूप. त्याच वर्षी पंतप्रधान झालेल्या लालबहादूर शास्त्रींनी बँकेचं पाच हजार कर्ज काढून बारा हजारांची फियाट घेतली, आणि ते कर्ज त्यांच्या मागे ललितादेवींनी फेडलं, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहेच. पुढे फियाटशी करार संपल्यावर १९७३ मध्ये गाडीचं नाव प्रीमियर प्रेसिडेंट झालं आणि १९७४ मध्ये प्रीमियर पद्मिनी.

एक बारीक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. इटलीत १९६२ च्या ११०० डी ला मोठं, १२२१ सीसीचं इंजिन होतं. आपल्याकडे आलेल्या गाडीत मात्र जुनं १०८९ च राहिलं. इटलीत ११०० चं उत्पादन १९६९ मध्ये थांबलंसुद्धा. कुर्ल्यात ती २००० च्या आसपासपर्यंत बनत राहिली, चाळीसेक अश्वशक्तीवर. म्हणजे मुसोलिनीच्या काळातलं इंजिन आपण मोबाईल फोन येईपर्यंत चालवलं. यावर हसणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचं चुकतं असंही नाही. पण याची दुसरी बाजू अशी, की साठ वर्षं ज्याची मापं बदलली नाहीत, ते इंजिन गल्लीबोळातल्या माणसाला पाठ होतं. कोल्हापूरच्या मिस्त्रीने काढलेला वॉटर पंप नागपूरच्या गाडीला बसायचा. नवे पार्ट नसले तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर नाहीतर चोर बाजारात जुने मिळायचे. आणि नव्या गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची असल्याने जुनी टाकून देण्याचा प्रश्नच नव्हता. इंजिन थकलं की ते बांधायचं. क्रँकला हात न लावता रिंगा आणि व्हॉल्व्हचं काम केलं तर 'हाफ इंजिन', सगळं केलं तर 'फुल'.

तर अंगणाकडे येऊ.

आमची पद्मिनी १९७५ ची, बाबांनी १९८२ मध्ये दुसऱ्या हाताची घेतली. बाबा पाटबंधारे खात्यात. माणूस वहीवाला. पेट्रोल किती घातलं, किती किलोमीटर झाले, ऑइल कधी बदललं, सगळं एका लांबट हिशेबवहीत. त्या वहीतच दिसतं की १९८६ च्या पावसाळ्यापासून गाडी ऑइल प्यायला लागली. आधी हजार किलोमीटरला अर्धा लिटर, मग एक, मग दीड. मागून निळा धूर. जोतिबाचा चढ तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर आला, आणि दिवाळीनंतर पहिल्यावर. गॅरेजवाल्याने फुल इंजिनचा जो आकडा सांगितला तो बाबांच्या दोन पगारांहून जास्त होता. तेव्हा बाबांनी ठरवलं की लेथचं काम तेवढं उद्यमनगरात करून घ्यायचं, बाकी सगळं घरी. आजी म्हणाली, "गाडी पुन्हा चालू झाली न्हाई तर कोंबड्या पाळू त्यात."

मदतीला एक मिस्त्री होते. दिवसा दुसरीकडे नोकरी, संध्याकाळी सहानंतर आमच्याकडे. त्यांनी पहिल्याच दिवशी मला आणि बहिणीला काम दिलं. खताची रिकामी पोती कापून अंगणात अंथरायची, आणि पत्र्याचे डबे गोळा करायचे. प्रत्येक डब्यावर बाबांनी खडूने लिहिलं: डायनॅमो, कार्बोरेटर, रॉकर, हेड. ज्या भागाचे बोल्ट त्या भागाच्या डब्यात. "बोल्ट हरवत न्हाईत, माणसं हरवतात," असं मिस्त्री म्हणायचे, त्याचा अर्थ मला अजून नीट लागलेला नाही.

उतरवायला दोन संध्याकाळी गेल्या. बॅटरी, पाणी, ऑइल. मग रेडिएटर, कार्बोरेटर, एक्झॉस्टचा पाईप, वायरी. वायरींना बाबांनी रंगीत दोरे बांधले आणि वहीत चित्र काढलं. बॉनेट काढून जिन्याखाली ठेवलं (त्यावर मांजर व्यायली, ते वेगळं प्रकरण). तीन वासे वरती एकत्र बांधून तिकाटणं उभं केलं, त्याला भाड्याने आणलेली चेन कुप्पी. साखळी एकेक कडी ओढली की इंजिन नखभर वर यायचं. गिअरबॉक्सचा शाफ्ट सुटेपर्यंत ते सरळ रेषेत पुढे ओढायला लागतं, तिरकं झालं तर क्लच प्लेटवर भार येतो. म्हणून दोघं काका दोन बाजूंनी धरून, मिस्त्री साखळीवर आणि बाबा गाडीखाली. इंजिन हवेत लोंबकळत असताना गल्लीतली सगळी मंडळी फाटकाशी जमली होती. त्या वेळी कुणीतरी फोटो काढला. तो फोटो मला आठवतो. हल्ली कुणाकडे आहे माहीत नाही, त्याबद्दल शेवटी बोलतो.

पुढचा आठवडा रॉकेलचा. सगळे भाग परातीत घालून ब्रशने घासायचे. पिस्टनच्या माथ्यावर काजळीचा थर इतका की पहिल्या दिवशी मला पिस्टन बिडाचे वाटले, खाली पांढरं अॅल्युमिनियम निघालं. मिस्त्रींनी मला सिलिंडरच्या वरच्या कडेला नख फिरवून बघायला लावलं. नख अडकत होतं. तिथे पायरी झाली होती. सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. पिस्टन वर पोचून क्षणभर थांबतो, तिथे उष्णता सगळ्यात जास्त आणि ऑइल सगळ्यात कमी, म्हणून झीज तिथे जास्त. त्याच्या वर रिंग पोचतच नाही, तो भाग कोरा राहतो. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरका ढकलतो म्हणून भोक गोल न राहता लंबगोल होतं. भौतिकशास्त्रात मला नंतर बरे मार्क मिळाले त्याचं श्रेय मी या पायरीला देतो.

ब्लॉक हातगाडीवर घालून उद्यमनगरात नेला. कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, उद्यमनगर म्हणजे लेथ, फाउंड्री आणि ऑइल इंजिनांचं गाव. शेतातल्या विहिरीवरच्या इंजिनांमुळे तिथल्या कारागिरांचा हात बसलेला. आमचा ब्लॉक तिथे डायलने मोजला. बाबांच्या वहीत चारही सिलिंडरचे आकडे आहेत, वर, मध्ये, खाली, आडवे आणि उभे. चोवीस आकडे. सगळ्यात जास्त झिजलेला तिसरा. ०.२ च्या मापात तो साफ होणार नव्हता म्हणून ०.४ मिमी बोअर केलं, म्हणजे ६८ चे झाले ६८.४. नवे पिस्टन त्याच मापाचे, बाजारात तयार मिळाले. क्रँक 'दहा साईज' ग्राइंड केला, म्हणजे इंचाचे दहा हजारांश भाग. सिलिंडर मिलिमीटरमध्ये आणि क्रँक इंचात! गाडी इटलीची, पण या दोन भाषा कुणी एकत्र केल्या देव जाणे. मिस्त्री दोन्हींत सहज बोलायचे.

बांधायचं काम मात्र हळू झालं, आणि माझ्या मते खरं काम तेच. खोलणं कुणालाही येतं. व्हॉल्व्ह आम्ही भावंडांनी बसवले. रबरी कप लावलेली काठी तळहातांत रवीसारखी फिरवायची, मध्ये ग्राइंडिंग पेस्ट. आठ व्हॉल्व्ह, प्रत्येकाला अर्धा तास. झालं की वरून रॉकेल ओतायचं, खाली थेंब आला तर पुन्हा सुरू. क्रँक बसवताना एकेक बेअरिंगची टोपी आवळायची आणि दरवेळी क्रँक हाताने फिरवून बघायचा. जड लागला तर तिथेच थांबून शोधायचं. रिंग आधी नुसती सिलिंडरमध्ये घालून तिच्या दोन टोकांतली फट फिलर गेजने मोजायची, आणि पिस्टनवर चढवल्यावर सगळ्या फटी एका रेषेत येणार नाहीत असं फिरवून ठेवायचं, नाहीतर वाफ सरळ खाली. टायमिंग चेनच्या दोन्ही चाकांवरच्या खुणा जुळवायच्या. हेडचे बोल्ट मधून कडेला, थोडे थोडे, तीन फेऱ्यांत. मॅन्युअलच्या झेरॉक्सवर हे सगळं होतं, पण मिस्त्रींना ती लागली नाही. बाबा मोठ्याने वाचायचे आणि मिस्त्री "व्हय" म्हणायचे, तोवर ते झालेलं असायचं.

बाविसाव्या दिवशी इंजिन परत बसलं. पहिल्यांदा प्लग काढून नुसतंच फिरवलं, ऑइल वरपर्यंत चढेपर्यंत. मग प्लग, वायरी एक-तीन-चार-दोन या क्रमाने. चौथ्या प्रयत्नात लागलं. आजीने चाकाखाली लिंबू ठेवलं होतं, तेवढं चिरडून गाडी फाटकाबाहेर गेली. पुढचे काही महिने मागच्या काचेवर 'रनिंग इन'चा कागद, आणि बाबा चाळीसच्या वर जायचे नाहीत. सायकलवाले पुढे जायचे तेव्हा आम्ही सीटवर खाली सरकायचो.

अशा गोष्टी तेव्हा फक्त आपल्याकडेच चालायच्या असं मात्र नाही. इंग्लंडात जॉन हेन्स नावाच्या माणसाने १९६६ मध्ये पहिलं मॅन्युअल काढलं, त्याचं तत्त्वच हे होतं की आधी गाडी स्वतः पूर्ण खोलायची आणि बांधायची, मग लिहायचं. अमेरिकेत जॉन म्युअरने १९६९ मध्ये फोक्सवॅगन बीटल जिवंत कशी ठेवावी यावर पुस्तक लिहिलं, अगदी काही न कळणाऱ्यांसाठी, आणि हजारो हिप्पींनी ते वाचून इंजिनं उतरवली. पण त्यांना दुकानात जाऊन दुसरी गाडी घेता येत होती. आपल्याकडे तो पर्याय नव्हता. हा फरक विसरून 'काय ते दिवस होते' म्हणणाऱ्यांचं मला फारसं पटत नाही. बाबांनी हौसेने केलं, पण हौस नंतर आली. आधी पैशांची बेरीज आली.

मग १९८३ ची मारुती सगळीकडे पसरली, इंजिनं लाखो किलोमीटर न उघडता चालायला लागली, आणि अंगणंही गेली. दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये इंजिन कुठे उतरवणार? मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदलेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळ्या-पिवळ्या पद्मिनी रस्त्यावरून अधिकृतपणे संपल्या.

आमची खाजगी आहे म्हणून अजून आहे. आणि प्रश्न तिथेच आहे. गाडीची नोंदणी संपत आलीय. २०२२ मध्ये जुन्या गाड्यांच्या नूतनीकरणाची फी सहाशेवरून पाच हजारांवर गेली आणि त्यानंतर वाढलीच. धाकट्या काकांचं म्हणणं, भंगारात द्या, बाबा गेल्यापासून ती नुसती उभीच आहे. चुलतभावाचं म्हणणं, पन्नास वर्षं पूर्ण झाली, व्हिंटेज म्हणून नोंदवा. २०२१ च्या जुलैत केंद्राने तसे नियम केलेत, नंबरप्लेटवर 'व्हीए' अक्षरं येतात. पण व्हिंटेज गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच. म्हणजे आईला रविवारी जोतिबाला न्यायचं झालं तर ती गाडी चालणार नाही. आणि दुसरी अट अशी की चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. भावाने फॅमिली ग्रुपवर विचारलं, "दादा, आपलं इंजिन तर फुल खोललेलं. मग?"

याचं उत्तर मी वही काढून शोधलं. ६८.४ व्यासाने हिशेब केला तर आपलं इंजिन १०८९ नाही, ११०२ सीसीचं आहे. नोंदणीच्या पुस्तकात १०८९ लिहिलंय. तेरा सीसी बाबांनी वाढवले! पण हा फेरफार नाही असं माझं ठाम मत आहे. ०.२, ०.४, ०.६ ही मापं कुणा मिस्त्रीच्या डोक्यातून आलेली नाहीत, ती फियाटच्याच तक्त्यात आहेत. इंजिन झिजणार, आणि झिजलं की पुढच्या मापावर जाणार, हे बनवणाऱ्यांनी धरूनच चाललं होतं. ब्लॉक तोच, क्रँक तोच, नंबर तोच. तरी व्हिंटेजच्या मी विरुद्ध आहे, त्याचं कारण जोतिबा. काकांना मी फोनवर बोललोय, ते अजून 'बघू' म्हणतायत. त्यांनी त्या दिवशी इंजिनाची डावी बाजू धरली होती याची आठवण करून दिली, तर म्हणाले, "म्हणून तर कंबर धरलीय."

येत्या शनिवारी कोल्हापूरला जातोय. ब्लॉकवरचा इंजिन नंबर गंजाखाली गेलाय, तारेच्या ब्रशने घासून तो वाचायचा आणि पुस्तकाशी ताडून बघायचा, नाहीतर तपासणीला नेऊन उपयोग नाही. कॉम्प्रेशनही मोजायचंय. आत्या, हे वाचत असशील तर त्या तिकाटण्याचा फोटो तुझ्या निळ्या अल्बममध्ये असावा असं ताई म्हणते. सापडला तर शुक्रवारपर्यंत पाठव.